दार उघडणारी बाई

मंगळवारी एल्विया साफसफाईला यायची, म्हणून मंगळवारी सकाळी आई सगळं घर पुसून काढायची. पसारा बघून ती काय म्हणेल, ही आईची काळजी. त्यामुळे अकराला एल्विया आली की तिला करण्यासारखं फारसं उरत नसे. मग दोघी सोफ्यावर बसून जुनी मेक्सिकन मालिका बघत.

मालिकेतलं कुटुंब श्रीमंतीतून उतरलेलं. नोकर ठेवायची ऐपत नाही, पण पाहुण्यांना ते कळता कामा नये. म्हणून बेल वाजली की मालकीणबाईच एप्रन बांधून दार उघडते, "बाईसाहेबांना सांगते" म्हणते, मागच्या बाजूने वर पळते आणि मोत्यांची माळ घालून जिना उतरते. दर भागात मुलगी ऐन वेळी तिला आई म्हणून हाक मारते आणि सगळं उघडं पडतं. आईला स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं. पण अशी एक आमच्या नात्यात आहे, असं ती एल्वियाला मराठीतून सांगायची. एल्वियाला ते पटायचं.

त्या मंगळवारी मालिका ऐन रंगात असताना बेल वाजली. माझा मॅनेजर मिहीर लॅपटॉप द्यायला आला होता. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनीच्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. आईने दार उघडलं : अंगात विटका गाऊन, हातात मॉप. मागे सोफ्यावर एल्विया, टीपॉयवर पाय टाकून चिवडा खात. मिहीर पुण्याचा. त्याने क्षणात ताडलं.

"मावशी, किती घरं करता?" त्याने आदराने विचारलं. त्याच्या बायकोला कामाला कुणीतरी हवंच होतं.

"एकच," आई म्हणाली. "अडतीस वर्षं झाली."

मग तिने जिन्याकडे बघून हाक मारली, "ताई, साहेब आलेत."

मी जिन्यातच होते. सगळं ऐकलं होतं. आईचा चेहरा गंभीर, एल्वियाचा चिवडा हातातच. दोघी माझ्या वाक्यासाठी, त्या एका हाकेसाठी थांबल्या होत्या. वर्गभेदावर मी युनिव्हर्सिटीत ऐंशी पानं लिहिली आहेत. मी मिहीरला थँक्स म्हटलं, लॅपटॉप घेतला आणि दार लावलं.

"मालिकेतल्या पोरीचं पाठांतर चांगलं आहे," आई म्हणाली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

बुधवारी सकाळी चहा गाळताना ती कोसळली. अँब्युलन्स आली तेव्हा ती गेलेली होती. घर मात्र लख्ख होतं. भेटायला आलेल्या दोघी-तिघींनी तसं बोलूनही दाखवलं.

फ्युनरल होममध्ये ठेवलेला फोटो मृणालिनीमावशीने निवडला होता. पैठणी, गळ्यात मोत्यांचा तन्मणी. मिहीर आला, फोटोला फूल वाहिलं, माझ्यासमोर उभा राहिला. शेजारी एल्विया बसली होती. तिला तो काकू म्हणाला.

मग मला म्हणाला, "आईंना भेटायचं राहूनच गेलं."

एल्वियाने माझ्याकडे बघितलं. मराठी तिला कळत नाही, पण हा भाग तिने पाहिलेला होता.

"भेटलास तू," मी म्हणाले. "मॉप घेऊन जिने दार उघडलं ना, ती माझी आई."