टब उघडावा लागेल

दादाने कपडे धुण्याचं मशीन भिंतीपासून पुढे ओढलं, तशी धाकटी बहीण दोन पावलं मागे सरकली. सहा वर्षांनी भाऊ तिच्या घरात आला होता, आणि तोही पान्यांची पेटी घेऊन. दार उघडल्यावर ती एवढंच म्हणाली होती, "मागच्या खोलीत."

फोन नवऱ्याने केला होता, तिला न विचारता. "इतकं जुनं मॉडेल आता तो एकटाच उघडतो," असं म्हणून स्वतः कामावर निघून गेला होता. ती मनातल्या मनात धुमसत होती. जवळच्या दवाखान्याच्या चादरी ती घरी धुऊन द्यायची. काल मशीन बंद पडलं, तेव्हापासून चाळीस चादरी पिंपात ओल्याचिंब पडून होत्या आणि तिकडून फोनवर फोन येत होते.

दादाने ड्रम हाताने फिरवला. खरखर झाली. त्याने कान लावला, पुन्हा फिरवला. मग मागच्या पत्र्यावर सुकलेल्या तांबूस ओघळावरून बोट फिरवलं. त्याचे कानांमागचे केस पांढरे झाले होते. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"आवाज कधीपासून येतोय?"

"महिना झाला."

"तेव्हाच बोलवायचं."

"कुणाला?" ती फाडकन म्हणाली.

त्याने पेटीतून पाना काढला. तो असा गप्प बसला की तिचं डोकं आणखीच फिरायचं, अगदी लहानपणापासून.

"बाबांना स्मशानात नेण्याआधी दोन तास थांबला असतास तर काय बिघडलं असतं, दादा? बस वाटेत बंद पडली म्हणून मी फोन केला होता ना? धावत आले, तर खोलीत रिकामी खाट."

दादाने पाना आवाज न करता फरशीवर ठेवला.

"सगळे उशीर होतोय म्हणत होते. मी थांबा म्हणायला हवं होतं." त्याने ड्रमवरची नजर काढली नाही. "तोंडच उघडलं नाही माझं. घाबरलो होतो मी."

सहा वर्षं तिने त्याच्या तोंडी शंभर सबबी घालून पाहिल्या होत्या. ही त्यांत नव्हती. तिने पिंपातली एक चादर उचलली, पिळायला घेतली आणि तशीच परत सोडली.

दादाने ड्रम आणखी एकदा फिरवून पाहिला.

"बेअरिंग गेलंय. सीलही गळतंय. टब उघडावा लागेल. मी करून देईन, पण पुढे वर्षभर चालेल की महिनाभर, सांगता यायचं नाही. खरं सांगू? नवं घे. उद्या आणून बसवतील. तुझा खोळंबा तरी होणार नाही."

त्याचं खोटं नव्हतं. ती स्वतः मागच्याच आठवड्यात दुकानात जाऊन एक मशीन पसंत करून आली होती.

दादा पाने पेटीत भरू लागला.

"उघडायचं म्हटलं तर किती वेळ लागतो?" तिने विचारलं.

"आजचा दिवस जाईल. बेअरिंग शोधून आणायचं, म्हणजे उद्या परत यावं लागेल. परवाही, कदाचित."

फोन वाजला. दवाखानाच होता.

"नाही, आज नाही जमणार. उद्याही नाही," ती म्हणाली. "माणूस पाठवून चादरी घेऊन जा. हो, या वेळी दुसरीकडे द्या... पुढचं तुम्ही ठरवा."

फोन ठेवून ती भिंतीपाशी गेली आणि तिने मशीनच्या पाण्याचा नळ बंद केला.

"उघड," ती म्हणाली.