फरशीतला डाग

कल्पना करा, मुलांनो. फरशी बसवणाऱ्या बाबांनी नवी फरशी ओल्या फडक्याने पुसली, आणि तिच्यात बोटभर लांबीचा, आडव्या रेघांचा शंकू उमटलेला दिसला.

"डागी निघाली," बाबा म्हणाले. "एवढा तुकडा कापून फेकतो."

"डाग नाही, बाबा, शंख आहे," लेक म्हणाली. "प्रत्येक रेघ म्हणजे भिंत. आतला प्राणी वाढला की पुढे नवी खोली बांधायचा आणि मागची बंद करायचा. समुद्रात राहायचा तो."

"दगडात कुठला आलाय समुद्र, शहाणे?"

"समुद्राच्या तळाचा गाळच घट्ट होऊन हा दगड झाला."

"बरं, पंडितबाई, सरका. करवत लावायचीय."

लेक त्याच फरशीवर ठाण मांडून बसली आणि शंखावर बोट ठेवून मोठ्याने खोल्या मोजू लागली.