उसनी दिलेली पोरगी

छप्पन साली आमचं गाव जागच्या जागी राहिलं आणि राज्य बदललं. नागपूरचे कागद भोपाळला गेले. तिथं कुणाच्या तरी लक्षात आलं, की बुऱ्हाणपूरजवळच्या या चिमुकल्या गावात सरकारच्या दोन शाळा आहेत, एक मराठी, एक हिंदी. मग ठरलं, साहेब येणार, दोन्ही शाळा ताडून बघणार आणि जी डावी ठरेल ती बंद.

मी मराठी शाळेत चौथीत होते. शाळा दारासमोर, म्हणून बाप पाठवायचा. चौथीची परीक्षा पास व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

साहेब सकाळी हिंदी शाळा बघणार आणि दुपारी आमची. आदल्या दिवशी हिंदी शाळेचे भाईदास मास्तर आमच्या पंडित गुरुजींकडे आले. "गुरुजी, खुर्ची द्या ना. नकाशा बी. पोरं बी कमीच हायेत. अन् एक पोरगी द्या, माझ्या इथं एक बी नाही."

ज्याच्याशी कुस्ती, त्यालाच लंगोट द्यायचा! पण आमच्या गावची रीतच तशी. पाहुणा कुणाकडेही येवो, परात, गादी, तांब्या गावातून गोळा होणार, आणि वस्तू कुणाची हे पाहुण्यासमोर बोलायचं नाही. गुरुजींनी खुर्ची दिली, नकाशा दिला, तीस पोरं दिली आणि मलाही दिलं. जेवण झालं की साहेब झोपतील, तेवढ्यात सगळं परत आणायचं ठरलं. आजवर एकही साहेब आमच्या गावात जेवून जागा राहिला नव्हता.

हे साहेब राहिले.

सकाळी त्यांनी मला धडा वाचायला लावला. बुऱ्हाणपूरचा बाजार पाहिलेल्या पोरीला हिंदीचं काय अवघड? मी घडाघडा वाचला. "शाबाश बेटी!" साहेब म्हणाले. मी फुगले. मग साहेब वरण-बट्टी जेवले, दोन केळी खाल्ली आणि तडक मराठी शाळेकडे निघाले. मी मागोमाग पळाले. तिथं गुरुजी, फळा आणि चार पोरं.

"पंडितजी, आपके यहाँ तो कुर्सी भी नहीं?"

गुरुजींनी नुसते हात जोडले. मी दारात उभी होते. 'माझी शाळा ही आहे,' एवढंच मला सांगायचं होतं. पण शाबासकी ताजी होती, ती परत करावीशी वाटेना. त्याची मला आजही लाज वाटते.

महिन्याभरात मराठी शाळेला कुलूप लागलं. भाईदास मास्तर स्वतः आमच्या घरी आले.

"कडूभाऊ, पोरीले आता माझ्या शाळेत पाठवा. साहेबानं लिहिलं, आमच्या इथं मुलींचं शिक्षण उत्तम."

बाप हसला. "एक दिवस दिली ना, मास्तर? आता रोज रोज कायले?"

आणि मास्तरांसाठी चहा ठेवायला त्यानं मला आत पाठवलं. परीक्षेला दीड महिना होता.