श्रीकृष्णाचे चार दात

जयपूरच्या मराठी मंडळींचे श्रीकृष्ण म्हणजे हणमंतराव खांबेटे. गणेशोत्सवाच्या नाटकात सलग नऊ वर्षं तेच. एरवी ते हवामान खात्यात असत. पोट जरा सुटलेलं होतं, मुकुटाखाली टक्कल होतं, पण पडदा वर जाऊन बासरी ओठांवरून खाली आली आणि हणमंतराव हसले, की थेट सांगानेरपर्यंत उजेड पडे म्हणतात. म्हणणारे बहुतेक वेळा हणमंतरावच असत, पण त्यांना खोटं पाडायला सांगानेरहून कधी कोणी आलं नाही.

त्याच नऊ वर्षांत विष्णुपंत बर्वे पेंद्या होते. लंगडा, बोबडा, फाटक्या घोंगडीतला पेंद्या. विमा कचेरीत ज्यांच्यासमोर लोक उभे राहून बोलत, ते विष्णुपंत दर भाद्रपदात हणमंतरावांच्या पायाशी बसून "किष्णा, मला भूक लागली ले" म्हणत. श्रीकृष्णाची भाषणं त्यांना स्वतःच्या भाषणांपेक्षा चांगली पाठ होती. रोज आंघोळीला बसले की ती एवढ्या जोरात म्हणत, की समोरच्या घरातली पोपटीण "हे राधे, ऐक" म्हणायला शिकली होती.

ते साल एकोणसाठ. श्रावणातल्या एका रविवारी मंडळी कानोत्याच्या बांधावर सहलीला गेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणकेच्या बाट्या भाजल्या जात होत्या. आता बाटी खायची एक रीत असते. जयपूरचा माणूस ती मुठीत दाबून फोडतो, तुपात बुडवतो, डाळीत कालवतो आणि मग खातो. हणमंतरावांनी नऊ वर्षांत बाट्या काही कमी खाल्ल्या नव्हत्या. पण घरी त्यांच्या पत्नी अनुसयाबाई त्या स्वयंपाकघरातच फोडून, तुपात मुरवून ताटात वाढत. अख्खी बाटी कशी असते हे हणमंतरावांनी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी अनुसयाबाई बायकांबरोबर बांधाच्या पलीकडच्या टोकाला होत्या. हणमंतरावांना भूक लागली होती. पुढ्यात गोल, खमंग, तांबूस काहीतरी दिसलं. साताऱ्याच्या माणसाने ते लाडू समजून उचललं आणि चावलं.

कट्‌कन आवाज झाला. बांधावरची बगळ्यांची रांग उडाली. हणमंतरावांनी बाटी तोंडातून ओढून काढली, तर समोरचे वरचे चार दात तिच्याबरोबर बाहेर आले. मुळासकट, ओळीने, जोहरी बाजारातल्या कारागिराने जडवावेत तसे ते बाटीत बसले होते.

"अहो हणमंतराव," विष्णुपंत म्हणाले, "बाटी हसतेय हो तुमची!"

"अनुफया!" हणमंतरावांनी हाक मारली. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच अनुसयाबाईंचं नाव असं ऐकू आलं. त्या धावत आल्या, नवऱ्याकडे बघितलं, बाटीकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. रडतायत की हसतायत ते कोणाला कळलं नाही.

विष्णुपंतांनी मात्र उघड उघड डोळे पुसले. "वाईट वाटून घेऊ नका. आपल्या नाटकात बिनदातांची भूमिका आहे, हे केवढं भाग्य! पेंद्या तुम्हाला काय शोभेल! आणि कृष्णाचं म्हणाल तर, मी बघेन आपलं कसंतरी. थोडं पाठही आहे."

मंडळाने तिथेच, सतरंजीवर बसून ठरवलं. गणपती बसेपर्यंत दात आले तर हणमंतराव कृष्ण. नाही आले तर हणमंतराव पेंद्या. मध्ये उरले बावीस दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतराव बाटी रुमालात बांधून चौडा रास्ता नावाच्या पेठेत डॉक्टर चारुलता साल्पेकरांच्या दवाखान्यात गेले. बरोबर अनुसयाबाई होत्याच. डॉक्टर मूळच्या नागपूरच्या, वयाने तिशीच्या आत आणि बोलण्यात वऱ्हाडी मिरची. त्यांनी आधी बाटी तपासली, मग तोंड.

"दात किती वेळा घासता जी तुम्ही?"

"घाफतो की."

"कधी?"

हणमंतराव छताकडे बघू लागले. हवामान खात्यातल्या माणसाला वर बघायची सवय असते. उत्तर अनुसयाबाईंनी दिलं. "सकाळी तंबाखूची मिश्री. दुपारी पान. झोपताना जिलबी. खळखळून चूळ म्हणाल तर दिवाळीला, उटण्याबरोबर."

"असं." डॉक्टरांनी हिरडी दाबली, हणमंतराव खुर्चीतून वीतभर वर आले. "हे दात बाटीने नाही पाडले, काका. तंबाखूने पाडले आणि आळसाने पाडले. कधीचे हलत होते ते. बाटीने फक्त शेवटची सही केली. दहा दिवसांत हिरड्या भरतील. मग कवळी बसवून देतो. टाळूला लागून राहील अशी गुलाबी पट्टी करतो मी इथेच. दात तेवढे मुंबईहून मागवावे लागतात. महिना लागते."

"महिना!" हणमंतरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. "मग मी पेंद्या! फगळं फंपलं!"

त्यांचा तो चेहरा अनुसयाबाईंना बघवेना. हा माणूस घरात अकरा महिने नुसता पावसाबद्दल बोलायचा. पण भाद्रपद आला की पंधरा दिवस आधीपासून गुणगुणत हिंडायचा, भाजीला नावं ठेवायचा नाही, आरशापुढे उभा राहून हसायचा. तेवढा एकच महिना अनुसयाबाईंना नवरा तरुण मिळायचा.

"मुंबईहूनच कशाला?" त्या म्हणाल्या. "ज्या गावात सगळ्या हिंदुस्थानचे देव घडतात, त्या गावात संगमरवराचे चार दात घडत नाहीत होय?"

डॉक्टरांनी संगमरवर ऐकून कपाळाला हात लावला. मग पेशंट नसलेल्या आपल्या रिकाम्या दवाखान्याकडे पाहिलं, हणमंतरावांच्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाल्या, "मुंबईचे येईपर्यंतच. आणि मी सांगन ते ऐकायचं."

खजानेवालों का रास्ता म्हणजे मूर्तिकारांची गल्ली. तिथे माणसं, कुत्री आणि चहा सगळंच संगमरवराच्या पिठाने पांढरं. भंवरलालजी एका राधेचं नाक घासत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बाबूजी, भगवान दांत नहीं दिखाते. होंठों में मुस्कुराते हैं. चालीस बरस में मैंने दांत बनाए हैं दो ही के. राक्षस के, और देवी के शेर के."

"बना दो, भैया," अनुसयाबाई म्हणाल्या. "दांत मतलब दांत."

पंधरा दिवसांनी दात आले. काय चकाकी, काय घोटाई! डॉक्टरांनी ते पट्टीत बसवले, पट्टी टाळूला लावली आणि हणमंतराव आरशात हसले. मधले दोन दात ठीक होते. बाजूचे दोन खाली, आणखी खाली, टोकदार होत गेले होते. भंवरलालजींना जे येत होतं ते त्यांनी मनापासून केलं होतं.

डॉक्टर काढा म्हणेपर्यंत हणमंतराव उत्साहाने खाली उतरून टांग्यात बसलेसुद्धा. घोड्याने सहज मागे वळून पाहिलं. हणमंतरावांनी त्याला स्मित केलं. टांगा पार गावाबाहेर खातीपुऱ्याच्या स्टेशनवर सापडला. टांगेवाला त्याच्याही पुढे.

संध्याकाळपर्यंत बातमी विष्णुपंतांकडे पोचली. "मंडळाला विचारा," ते म्हणाले, "यंदा नृसिंहावतार बसवायचा का?"

उरले सहा दिवस. भंवरलालजी शरमेने दवाखान्यात येऊन बसले. "शेर देखा है, तो शेर बनाया. इन्सान की हँसी का नमूना चाहिए. सामने बैठकर कोई हँसे, तब हाथ चले."

कोण हसणार? हणमंतरावांच्या ओळखीत तंबाखू न खाणारं माणूस नव्हतं. डॉक्टर स्वतः बसणार होत्या, पण त्यांच्या हसण्याने पेशंट पळतात असा त्यांचा अनुभव होता. तेवढ्यात त्यांचं लक्ष अनुसयाबाईंकडे गेलं.

"काकू, पदर काढा पाहू तोंडावरचा."

"अगं बाई! काहीतरीच!"

माहेरी त्यांना शिकवलं होतं, बाईमाणसाने दात दाखवून हसू नये. बावीस वर्षं त्या पदराआडच हसत आल्या होत्या. पण सकाळी आणि रात्री, न चुकता, बदामाच्या टरफलांची मऊ राख, सैंधव आणि हिरड्याची पूड बोटावर घेऊन त्या दात घासत आणि मग ओव्याच्या पाण्याने चूळ भरत. कशासाठी, तर आईने सांगितलं म्हणून. झाकून ठेवायची भांडीसुद्धा लख्खच असावीत ना, तसं.

अनुसयाबाईंना स्टुलावर बसवलं. भंवरलालजींनी कागद-पेन्सिल घेतली. "हँसिए, बाईजी." अनुसयाबाईंना हसू येईना. हस म्हटल्यावर कोणाला आलंय? चेहरा असा झाला की जणू दात यांचाच उपटायचा आहे. शेवटी हणमंतराव उठले, दवाखान्यातला टॉवेल शेल्यासारखा खांद्यावर टाकला, रबरी नळीची बासरी केली आणि बिनदातांनी कृष्णाचं भाषण सुरू केलं.

"हे लाधे! फागल फुकेल, फूल्य विझेल, पण या फावळ्याचं प्लेम..."

अनुसयाबाई फुटल्या. पदराकडे गेलेला हात डॉक्टरांनी वरच्या वर धरला. अनुसयाबाई हसल्या, हसत राहिल्या, स्टुलावरून सांडायच्या बेताला आल्या. कागदावर भंवरलालजींची पेन्सिल धावत होती. आणि हणमंतराव भाषण मध्येच सोडून, नळी हातात धरून, बघत उभे राहिले होते. मोगऱ्याच्या कळ्यांची ओळ. उजवीकडची एक कळी किंचित वाकडी, खोडकर.

"हे घलात होतं?" ते म्हणाले. "आणि मी बावीफ वल्फं ढग बघत बफलो?"

दुसरे दात तीन दिवसांत आले. वाकड्या कळीसकट. भंवरलालजींनी ते कापसातून काढून दोन्ही हातांनी दिले आणि अट घातली. दगड राधेच्या मूर्तीतून उरलेला होता. तो उष्टा राहता कामा नये. मूर्तीला दोन वेळा स्नान, तसं यांनाही दोन वेळा स्नान. कबूल?

"कबूल," हणमंतराव हात जोडून म्हणाले.

"तीन महिन्यांपासून भिंतीवर चित्र लावून मी हेच सांगून राहिली," डॉक्टर पुटपुटल्या. मग त्यांनी आपली अट घातली. "ताक, लिंबू, चिंच बंद. आंबटाने संगमरवर झिजते. आणि काका, नीट ऐका. हे हसायचे दात आहेत, चावायचे नाहीत. कडक काही चावलं की पट्टी मधून दुभंगन, आणि तुम्ही भर स्टेजवर पेंद्या."

नाटकाच्या संध्याकाळी मांडव फुलून गेला. पडदा वर गेला, बासरी खाली आली आणि कृष्ण हसला. पुढच्या रांगेतल्या एका मारवाडी आजीबाईंनी वेणीतल्या दोन फुलांतलं एक काढून स्टेजवर वाहिलं. उजेडाचं म्हणाल तर विजेचे दिवे थोडे मंद करावे लागले. सांगानेरचं मात्र या वेळी कोणी म्हटलं नाही, कारण हणमंतराव बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते फक्त हसत होते.

विष्णुपंत घोंगडीत बसून हे बघत होते. त्यांच्या शिदोरीत एक वस्तू होती. चार दिवसांची शिळी, बिनतुपाची, निखाऱ्यात मुद्दाम दोनदा भाजलेली बाटी.

गोपाळकाल्याचा प्रवेश आला. पेंद्या लंगडत पुढे झाला. लिहिलेल्या नाटकात तो दहीपोह्याचा घास भरवतो आणि कृष्ण नुसतं ओठाला लावल्यासारखं करतो. विष्णुपंतांनी शिदोरी सोडली आणि बाटी वर धरली. मांडवात हशा पिकला. कानोत्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

"किष्णा," पेंद्या गोड आवाजात म्हणाला, "गलिबाच्या हातचा एक घास खा ले."

हणमंतरावांनी बाटीकडे पाहिलं. पुढच्या रांगेत डॉक्टर अर्ध्या उठल्या होत्या. अनुसयाबाईंनी खुर्चीचा हात धरला होता. चावावं तर दात जातात. नाही म्हणावं तर भक्ताचा घास नाकारलेला कृष्ण आठशे माणसांपुढे तोंड कसं दाखवणार? आणि मग कृष्ण हसला. सावकाश, वाकड्या कळीपर्यंत.

"पेंद्या," तो म्हणाला, "मी कधी भक्ताच्या आधी जेवलोय का रे? ये. आधी तू."

आणि बाटी काढून घेऊन देवाने ती स्वतःच्या हाताने पेंद्याच्या तोंडापुढे धरली.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी "गोविंदा!" ओरडलं. विष्णुपंतांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. आजीबाईंनी हात जोडले होते. देव भरवतोय, आणि पेंद्या नको म्हणतो? विष्णुपंतांनी डोळे मिटले आणि चावलं.

कट्‌!

बाटी कृष्णाच्या हातात राहिली. बाटीत पेंद्याचे दोन दात राहिले.

"किफ्णा!" विष्णुपंत म्हणाले. "हे ले काय केलंफ!"

नऊ वर्षं त्यांनी बोबडं बोलण्याची नक्कल केली होती. आज पहिल्यांदा खरं बोबडं बोलले. मांडव कोसळला. लोक खुर्च्यांवरून खाली आले, तबल्याच्या साथीदाराने तबल्यावर डोकं टेकलं. विष्णुपंत चिडले, आणि जितके चिडून बोलले तितका हशा वाढत गेला. त्या एका वाक्याला सात वेळा वन्समोअर मिळाला. सातव्यांदा विष्णुपंतांनी ते जरा लांबवून, हातवारे करून म्हटलं.

कृष्णाला हसू आवरेना. त्याने सहज पुढच्या रांगेकडे पाहिलं. तिथे अनुसयाबाई हसत होत्या. पदर खांद्यावरच होता. स्टेजवर आणि खाली, वाकड्या कळीसकट एकच हसू दोन तोंडांत फुललं होतं. आजीबाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा शेजारी पाहिलं आणि उरलेलं फूल अनुसयाबाईंना देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर साल्पेकरांच्या जिन्यावर खालपर्यंत रांग लागली होती. सर्वांत पुढे रुमालात बाटी बांधून विष्णुपंत. महिन्याने मुंबईचे दात आले. हणमंतरावांनी ते बसवले आणि संगमरवरी दात देवघरात ठेवले. दोन्ही जोड्यांना दोन वेळा स्नान असे. बाटी आता घरात तेच फोडत, आणि पहिला घास तुपात बुडवून अनुसयाबाईंच्या ताटात ठेवत.

विष्णुपंतांसाठीही डॉक्टरांनी मुंबईला लिहायचं ठरवलं, तर ते घाईघाईने हात हलवू लागले.

"इतक्यात नको, दॉक्टल," ते म्हणाले. "पुधच्या गनपतीपल्यंत लाहू द्या. लोक म्हंतात, अफा पेंद्या आजवल झाला नाही!"