पडद्याखालच्या ओळी

“कारणाच्या रकान्यात दोन शब्द लिहा, की झालं. मग कंपनी पुढे काही करणार नाही,” सिनेमा कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या.

लिफ्टवाला पेन धरून बसून राहिला. लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून तसाच आला होता, नखांत ग्रीस होतं. समोर चार पानांचं हमीपत्र. दोनशे चौदा सिनेमांचे संवाद आपण ऐकून लिहून काढले, परवानगी न घेता इंटरनेटवर ठेवले, आता काढून टाकले, पुन्हा असं करणार नाही.

“बाई, मी सिनेमा नाही दिला कुणाला. चित्र नाही, आवाज नाही. नुसते शब्द.”

“शब्दही कंपनीचेच असतात हो.” बाईंचा आवाज जराही चढला नाही. “कुणाच्या सांगण्यावरून किंवा कुणासाठी केलं असेल तर तसं लिहा. फक्त मग त्यांनाही इथे यावं लागेल.”

त्याने लिहिलं, ‘केवळ हौस म्हणून’, आणि सही ठोकली.

हौस कसली! सातव्या वर्षी तापात ताईचे कान गेले. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं बरोबर उचलायची, पण सिनेमात तिचं काही चालायचं नाही. “ऐन वेळी पाठ फिरवून बोलतात मेले,” असं म्हणून ती चिडायची. मग हा धाकटा भाऊ संवाद ऐकायचा, थांबवायचा, लिहायचा. कान त्याचे तयार होते. लिफ्टचा कुठला भाग कुरकुरतोय ते तो जिन्यात उभा राहून सांगायचा. नुसते संवाद लिहून त्याचं भागायचं नाही. ‘बाहेर कुत्रं भुंकतंय’, ‘ती हसते, पण खोटं’, असंही तो कंसात घालायचा. मग ताईच्या जुन्या, कर्णबधिरांच्या शाळेतल्या एका बाईंनी त्या ओळी मागितल्या, आणि त्यांच्याच सांगण्यावरून त्याने त्या इंटरनेटवर ठेवल्या. ज्याच्याकडे सिनेमा असेल त्याने ती फाईल जोडली, की पडद्याखाली शब्द उमटायचे. अकरा वर्षं हे चाललं. कुठले कुठले लोक लिहायचे, ‘आज पहिल्यांदा घरच्यांबरोबर हसलो.’ ताई ती पत्रं शिवणयंत्रावरून उठून दोनदोनदा वाचायची.

घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, “मिटलं सगळं.” ताईने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी धुण्याआधी तिने त्याच्या शर्टाचा खिसा रिकामा केला. हमीपत्राची प्रत हाती लागली. तो चहा पीत असताना तिने कागद त्याच्यापुढे धरला.

“हौस?” तिचा आवाज नेहमीसारखाच घोगरा आणि एकसुरी होता. बाहेरच्या माणसाला तिचं बोलणं पटकन कळत नसे.

“अगं, तुला बोलावलं असतं तिथे. कशाला तुला त्रास?”

“मी आले असते.”

“मोठं ऑफिस आहे ते, ताई.”

“असू दे. सांगितलं असतं मी, याने माझ्यासाठी केलंय. माझ्यासारख्या कितीतरी जणांसाठी केलंय. मी बोलले असते.”

“तुझं बोलणं त्यांना...” त्याने कप तोंडाला लावला.

पण ओठ हलले होते. ताईला अर्धं वाक्य पुरायचं. तिने कागदाची नीट घडी घातली, त्याच्या कपाशेजारी ठेवली आणि शर्ट घेऊन मोरीत गेली. बराच वेळ नळ वाहत राहिला. तिला वाहत्या नळाचा आवाज येत नव्हता. त्याला येत होता. उठून तिच्यासमोर जावं, चुकलो म्हणावं, असं त्याला फार वाटलं. पण कामाची वेळ झाली होती आणि तो निघून गेला. ते म्हणायचं राहिलं ते राहिलंच. वकीलबाईंनी हमीपत्र केव्हाच फाईलला लावलं असेल, पण त्याच्या मनातून ते अर्धं वाक्य जाईना.

महिन्याभराने, रविवारी दुपारी, टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला. ताई काजं करता करता पाहत होती. खाली ओळी नव्हत्या. पडद्यावर एक म्हातारा दाराकडे तोंड करून काहीतरी सांगत होता आणि त्याची मुलगी रडत होती. पूर्वी ताईने लगेच भावाला कोपराने ढोसलं असतं, ‘काय म्हणतोय?’ आता तिने विचारलं नाही.

लिफ्टवाल्याने रिमोट उचलला आणि आवाज पूर्ण बंद केला. दोघं बघत राहिली. म्हातारा बोलत होता. काय ते त्यालाही कळेना.

पडद्याच्या कोपऱ्यात आवाज बंद असल्याची खूण आली होती. ताईचं तिकडे लक्ष गेलं. तिने सुई कापडात टोचून ठेवली, त्याच्या हातातून रिमोट घेतला आणि आवाजाची रेघ पुरी भरेपर्यंत बटण दाबून धरलं. म्हाताऱ्याचा आवाज खोलीभर घुमला.

“तू ऐक,” ती म्हणाली, आणि सुई उचलून पुढचं काज घ्यायला लागली.