पाण्यातून आलेला पंप

मित्रांनो, मी ओढणारा ट्रॅक्टर. कारखान्यात मला घडवलं तेव्हा मागे आकडा दिला, फिरता दांडा दिला. पण अवजार उचलायला लागणारी तेलाची ताकद, हायड्रॉलिक म्हणतात ती, दिली नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मला घेतलं, त्यानं मला लेकरासारखं धुतलं-पुसलं आणि माझ्याकडून पोटभर नांगरट करून घेतली. तो गेला, आणि मी शेडमध्ये गंजत पडलो. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या.

त्याचा मुलगा दगडाच्या खाणीत डंपर चालवायचा. एका धुक्याच्या सकाळी डंपर त्याच्यासकट घसरून खाणीतल्या पाण्यात गेला. पुढे पाणी उपसून डंपर वर काढला. आत तो नव्हता. खड्ड्याच्या तळाशीही नव्हता.

मग त्याच्या बायकोनं मला शेडमधून बाहेर काढलं आणि माती-वाळू वाहायचं काम धरलं. ट्रॉली भरून मिळे, पण रिकामी तिला एकटीलाच फावड्यानं करावी लागे. तिच्या तळहातांची पार सालटी निघाली. गावातल्या वेल्डरनं तोड काढली. याच्या मागच्या दांड्यावर पंप चढवू, तेलाची टाकी बसवू, ट्रॉलीखाली जॅक लावू. दांडा फिरला की तेल जोरानं जॅकमध्ये जाईल आणि ट्रॉली उचलली जाईल, असं त्यानं समजावलं. पंप आणि जॅक कुठून आणायचे ते मात्र तिनं ठरवलं. भंगारवाल्याकडे त्या डंपरचे पडून होते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचा विषय काढला नव्हता. "ते घरी आणू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

वेल्डरनं पंप उघडला तर आतून दुधाळ पाणी आणि बारीक वाळू गळली. त्यानं सगळं धुऊन पंप माझ्या दांड्यावर चढवला, तो दांड्याबरोबर गरगरू नये म्हणून साखळीनं बांधला आणि मला सुरू केलं. मित्रांनो, माझ्या पाठीत काहीतरी गार शिरलं. इंजिन तापलं, टाकीतलं तेल तापलं, पंप गारच. वेल्डरनं त्याला हात लावला, पटकन काढून घेतला आणि पँटला पुसला.

काम मात्र झकास चाललं. दांडी ओढली की ट्रॉली वर. मला नावं ठेवणारे आता थांबून बघू लागले.

तिला एक सवय जडली. दुपारी घरासमोर येऊन रिकामी ट्रॉली वर उचलायची, मला बंद करायचं आणि ट्रॉलीच्या सावलीत डबा उघडून बसायचं. जेवता जेवता ती बोले. मागची भिंत ओल धरतेय, आईंना झोप लागत नाही, असं काहीबाही. मग थांबे, उत्तर ऐकल्यासारखी मान हलवे. आणि खरंच, ती थांबली की पाइपांतून बारीक आवाज येई.

तो आवाज कसला ते मला कळत होतं. जॅकचं सील झिजलं होतं. तेल आतल्या आत पाझरत होतं आणि ट्रॉली तिच्या डोक्यावर केसाकेसानं उतरत होती. पण मला तोंड कुठलं?

एके दिवशी ती अशीच बसली असताना घराकडून हाक आली. "अगं, इकडे ये जरा." मीही ऐकली. ती डबा तिथंच ठेवून उठली आणि दारापाशी गेली.

"काय झालं, आई?"

सासूबाईंनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं. "कुठं काय? मी हाक मारलीच नाही."

तेवढ्यात तिच्या मागे ट्रॉली खाली आली. डबा चपटा झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं वेल्डरला बोलावून घेतलं. हे सगळं काढून न्या म्हणाली. त्यानं पाना लावला, तेव्हा सासूबाई अंगणात उतरल्या आणि त्यांनी आपला हात पंपावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकानं हाक मारली तिला."

वेल्डरनं नवीन सील घातलं आणि एक जाड लोखंडी टेकू करून दिला. आता ट्रॉली वर असली की टेकू लागतोच, आणि खाली कोणी बसत नाही. दोघी दारात बसून जेवतात. तो लहानपणी कसा होता, ते सासूबाई सांगतात.

मित्रांनो, उचललेल्या ओझ्याखाली टेकूशिवाय कधीही जाऊ नका. जुन्या यंत्राची सीलं, पाइप वेळच्या वेळी बघा. आम्ही थकलो तरी ओरडू शकत नाही. माझं मात्र निराळं आहे. भर दुपारी कधी कधी तो टेकू सैल सापडतो, हातानं हलतो, जणू त्याच्यावर भारच नाही. उन्हानं तेल फुगतं, असं वेल्डर सांगतो. असेलही. पण तेव्हा माझी पाठ गार पडलेली असते, आणि ओझं कुणीतरी खांद्यावर घेतलेलं असतं. तुमच्याकडे असं कुणी असेलच असं नाही. तुम्ही टेकू लावा.