मॅग्नेटचा दोष

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ज्याने केली, त्याच्या घरात गिटार नसणार. असती तर त्याने अंगणाला सोडून मॅग्नेटला धरलं असतं.

आमचे हे, म्हणजे रविराज, अंबडच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहेत. सपाट पत्रा मशीनखाली जातो, दणका बसतो आणि गाडीचा कुठलातरी भाग होऊन बाहेर येतो. आठवडाभर हे दणके आणि सुट्टीच्या दिवशी हिरामणच्या बँजो ग्रुपमध्ये गिटार. हळदी, वराती, गणपती. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर, पुढे ताशे, मागे जनरेटर आणि मध्ये हे डोळे मिटून गिटार वाजवणार. लोक नाचायचे बँजोवर. यांची गिटार ऐकू जायची ती यांना आणि, यांच्या मते, जाणकारांना. सायखेड्याच्या एका हळदीत असा एक जाणकार भेटलाही होता. त्याने गिटारला ‘मोठा बँजो’ म्हटलं, पण ते असो.

मी चेष्टा करते खरी, पण वाजवून आले की माणूस दोन-तीन दिवस गोड असायचा. भाजीत मीठ कमी पडलं तरी गुणगुणत जेवायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला खरंखुरं खूश करणारी दुसरी गोष्ट मला सापडलेली नाही, आणि मी शोधली नाही असंही नाही.

ही गिटार यांनी दिवाळीनंतर बंद केली. कारण काय, तर तिच्यातून आवाज येतो. गिटारमधून आवाज येतो ही तक्रार ऐकून मी आधी हसले. मग समजलं की न वाजवता येतो. तार छेडलेली नसतानाही एक बारीक शिट्टी चालूच राहते म्हणे. हिरामण समजूत काढायला घरी आला.

“रवीभाऊ, लग्नसराई तोंडावर आली. लय तारखा हायेत. तुझ्याबिगर गाडी कशी काढू?”

“आवाज शुद्ध झाल्याशिवाय मी स्टेजवर पाय ठेवणार नाही.”

“आरं पण आपल्याकडं स्टेज हाय कुठं? टेम्पो हाय.”

हिरामण चहा पिऊन गेला. जाताना मला हळूच म्हणाला, “वहिनी, काहीतरी करा. माणूस सुकून चाललाय.” ते मलाही दिसत होतं. घरात धड बोलणं नाही, हसणं नाही. रोज संध्याकाळी मोबाइलवर परदेशी गिटारवाल्यांच्या चर्चा वाचायच्या आणि झोपताना छताकडे बघत पडायचं. सवतीशी भांडता तरी येतं, इथे भांडायचं कुणाशी?

चर्चांतून निदान निघालं: मॅग्नेट. गिटारच्या तारांखाली एक डबी असते, तिला पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की आत वीज हलते आणि अॅम्पमधून, म्हणजे स्पीकरच्या पेटीतून, सूर निघतो. हे सगळं मला नको असताना पाठ झालं आहे. यांच्या गिटारमध्ये स्वस्तातलं सिरॅमिक मॅग्नेट होतं. “सिरॅमिक म्हणजे कर्कश. शिट्टी तिथूनच येते,” हे म्हणाले. त्यावर उपाय आल्निको. अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचं ते मिश्रण. मुलीला स्थळ बघताना घराण्याची करतात तशी त्याची चौकशी झाली.

पिकअप भरून द्यायचे झुंबरभाऊ. त्यांचं द्वारक्याजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. द्राक्षबागांच्या पाण्याच्या मोटारी भरता भरता त्यांना पिकअप भरायचा नाद लागला. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “रवी, मॅग्नेट बदललं की सूर बदलतो. सिरॅमिक धारदार, आल्निको पाच नंबर जरा गोल, दोन नंबर त्याहून मऊ. पण ते जे घूं येतं ना, ते वेटोळ्यातून आणि वायरिंगमधून येतं. मॅग्नेट काय आवाज नाय करत.”

“माझं घूं नाही, सूं आहे,” हे म्हणाले. “आणि मी ऐकलंय ना, झुंबरभाऊ. माझे कान आहेत.”

मी सोबत होते, झुंबरभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “माझं सांगून झालं. आता विकतो. कुठलं देऊ?”

आधी आल्निको पाच आलं. घूं कमी झालं, सूं तसंच. मग आल्निको दोन. त्यानंतर परत सिरॅमिक, पण ‘चांगल्या प्रतीचं’. मध्ये संशय माझ्या शिवणयंत्रावर आला. मी घरी ब्लाउज शिवते, आणि माझ्या यंत्राच्या मोटारीची वीज म्हणे गिटारमध्ये घुसते. तिचा थोडा खरखराट यायचा, ते मी मान्य करते. म्हणून गिर्‍हाइकांचे ब्लाउज बाजूला ठेवून मी हात जोडून बसायचे आणि हे अॅम्पला कान लावून ऐकायचे. यंत्र बंद असतानाही सूं आलंच. त्याबद्दल यंत्राची माफी कुणी मागितली नाही.

दर वेळी मॅग्नेट बदललं की माझी परीक्षा व्हायची. “ऐक. हे आधीचं, हे आताचं. फरक?”

“सगळं सारखंच,” मी म्हणायचे. फरक आहे म्हटलं की तासभर व्याख्यान ऐकावं लागतं, आणि माझ्या हातात त्या वेळी कुणाचीतरी बाही असायची.

“तुला कान नाहीत,” हे म्हणायचे. “वरच्या सुरांची सगळी चमक बदलली. काच पुसल्यासारखी.”

कानांचा यांना फार अभिमान. कारखान्यात तर यांचे कान प्रसिद्धच. कानात घालायला कंपनी रबरी बुच्चे देते, ते सगळ्यांच्या शर्टाच्या खिशात असतात. साहेब शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या खात्यात, आला की खिशातून कानात, गेला की कानातून खिशात. कारण जुन्या माणसाला मशीन ऐकून चालवायची असते. डाय, म्हणजे मशीनमधला साचा, चिरायला लागली की दणक्याचा आवाज बदलतो, तो आधी कळला नाही तर शेकडो तुकडे वाया जातात. बुच्चे घालणारा तो नवशिका, असं तिथलं शास्त्र.

वर्षातून एकदा कान तपासायची गाडी येते. हेडफोन घालून बसायचं आणि सूर ऐकू आला की बोट वर करायचं. नापास झाला त्याची बदली पॅकिंगला. पॅकिंगला जाणं म्हणजे तिथे बाप्यांनी बांगड्या भरण्यासारखं. म्हणून यांनी एक युक्ती शोधली होती आणि जेवताना ती मला मोठ्या कौतुकाने सांगितली होती. तपासणार्‍या बाई समोर बसतात. बटण दाबताना त्यांचं कोपर किंचित हलतं. कोपर हललं की बोट वर. “शॉपमधला एकही माणूस नापास झालेला नाही,” हे म्हणाले होते. “सहादूसकट. आणि सहादूला जेवणाची घंटा ऐकू येत नाही.”

तेव्हा मीही हसले होते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी यांना सुट्टी होती. झुंबरभाऊंकडून सकाळीच नवीन पिकअप भरून आणलं होतं. पुन्हा आल्निको दोन, पण या वेळी दोन वेटोळ्यांचं. एक वेटोळं दुसर्‍याचं घूं मारून टाकतं म्हणे. दुपारी सगळं जोडलं आणि खरंच, घूं पार गेलं. यांनी एक सूर छेडला. मग तारांवर तळहात ठेवून त्या गप्प केल्या, डोळे मिटले आणि मान तिरकी करून बसले. मी यंत्रावर ब्लाउजची पाठ जोडत होते.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला, यंत्र टाक्यात अडकून थांबलं. अॅम्पवरचा लाल दिवा विझला. खाली कुणीतरी “गेली का?” म्हणून ओरडलं.

“बघ,” हे डोळे मिटूनच म्हणाले. “आता तर स्पष्टच येतंय. सूंऽऽ. याही मॅग्नेटचं तेच.”

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं.

“अहो,” मी म्हटलं, “लाइट गेलीय.”

यांनी डोळे उघडले. अॅम्पकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, “आत कॅपॅसिटर असतात. त्यांच्यात करंट राहतो थोडा वेळ.”

मी उठले. गिटारची वायर उपटली, अॅम्पचा प्लग काढला आणि गिटार यांच्या मांडीवरून उचलून पिशवीत घातली. पिशवी आत कॉटवर ठेवली आणि दार ओढून घेतलं. “आता?”

हे उठून गॅलरीत गेले. बराच वेळ कठड्याला धरून उभे होते. समोरच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, आरडाओरडा चालला होता. परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

“बाहेर पण येतंय,” हे म्हणाले. “तेजू, बाहेर पण तोच आवाज आहे.”

तीन महिने मी या माणसाच्या मॅग्नेटांना शिव्या दिल्या होत्या. त्या क्षणी मला वाटलं, देवा, मॅग्नेटचंच काहीतरी निघू दे. आणखी दहा आणू, घरात पाय ठेवायला जागा नसली तरी चालेल.

गंगापूर रोडला एका कानाच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. यांनी वाटेत ठरवलं होतं की मळ असणार. नाहीतर सर्दी. डॉक्टर बाईंनी यांना हेडफोन घालून बसवलं आणि स्वतः यांच्या मागे मशीनजवळ बसल्या. मी बाजूच्या खुर्चीत होते. मला मशीनवरचा त्यांचा हात दिसत होता आणि यांचंही तोंड दिसत होतं.

यांनी बोट वर केलं. थोडं थांबून परत वर केलं. पुन्हा थोडं थांबून वर. शॉपमधल्या सवयीचा ताल होता तो.

डॉक्टर बाईंनी पुढे येऊन यांच्या कानावरचा हेडफोन थोडा सरकवला. “काका, मी अजून काही वाजवलंच नाही.”

हे ओशाळले. माझ्याकडे बघितलं नाही. “बरं,” म्हणाले आणि डोळे मिटले.

जाडे सूर आले तेव्हा बोट नीट वर गेलं, बाईंचा हात आणि यांचं बोट जुळत होतं. मग बाई बारीक सुरांकडे गेल्या. त्यांनी दाबलं, बोट मांडीवरच. आवाज वाढवून दाबलं, बोट मांडीवरच. आणखी वाढवला तेव्हा माझ्यापर्यंत हेडफोनमधून झिरपून यायला लागला, डासासारखा. हे शांत बसले होते. शाळेत शहाणं पोर बसतं तसे. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाले, “मॅडम, सुरू करा ना.”

मी पदर तोंडाला लावला.

कागदावर आलेली रेघ सरळ निघून मध्येच खड्ड्यात पडली होती. बाईंनी समजावलं. दणक्यांमुळे आतल्या नसा गेल्या, त्या परत येत नाहीत. शिट्टी कानाची स्वतःची आहे, ती राहील, तिची सवय करावी लागेल. पण उरलंय ते अजून चांगलं आहे. मशीनवर आणि त्या टेम्पोवर दोन्हीकडे बुच्चे घातले तर ते टिकेल. गिटार सोडायची गरज नाही.

यांनी कागद हातात घेतला आणि खड्ड्यावर बोट ठेवलं. “हे चार हजार हर्ट्झच्या आसपास ना?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“मॅग्नेटचा फरक इथेच असतो,” हे म्हणाले. “सिरॅमिकची धार, आल्निकोची चमक. सगळं इथेच.”

डॉक्टर बाईंना काही कळलं नाही. मला कळलं. या माणसाने सगळा अभ्यास बरोबर केला होता. पान नंबरासकट. फक्त ते पान त्याच्या पुस्तकातून कधीच फाटून गेलं होतं, आणि जे त्याला ऐकू येत नव्हतं त्याचं वर्णन तो वाचून वाचून मला सांगत होता.

खाली स्कूटरजवळ आलो. यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“तेजू, खरं सांग. फरक होता का ग काही? का सगळं सारखंच?”

सारखंच म्हणणं माझ्या जिभेवर होतं, रोजचंच होतं. म्हटलं असतं तर यांना बरं वाटलं असतं. काही गेलंच नाही म्हणजे काही राखायलाही नको, आणि कामावर गेले की बुच्चे परत खिशात.

“होता,” मी म्हटलं. “दर वेळी होता.”

यांची मान खाली गेली. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. किल्लीवरचा हात काढून म्हणाले, “कसा?”

आता सूर कसा सांगायचा? मला सुरांतलं काही येत नाही, मला कापडातलं येतं. तेच सांगायला लागले. “पहिलं होतं ना, सिरॅमिक, ते कोर्‍या खणातून नवी कात्री जाते तसं. चर्रर्र. दाताला लागायचं. आल्निको पाचमध्ये कात्री तीच, पण कापड धुतलेलं. आणि ते दोन…”

“दोन?”

“ते मऊ. जुन्या लुगड्याची गोधडी. पण शेवटी, सूर संपता संपता, वर काहीतरी बारीक चमकायचं. जरीचा एकच धागा असावा तसं. मी यंत्र थांबवून ऐकायचे ते.”

हे ऐकत होते. ‘तुला कान नाहीत’ असं एकदाही म्हणाले नाहीत.

“जरीचा धागा,” हे म्हणाले. डोळे पुसले आणि स्कूटरच्या सीटवर बसले. “अजून सांग.”

मी मागे बसले आणि यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगत राहिले, जरा मोठ्याने.